चपला कुणी सांभाळायच्या?

आत्ताच बाणेरहून वास्तुशांत आटोपून आले. डोकं भणभणतंय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

घर सुरेख आहे. माणसं नात्यातलीच. त्यांच्याकडे गावाकडचा तेरा वर्षांचा पुतण्या शिकायला असतो. सकाळपासून तो खुर्च्या लावत होता, पाणी देत होता, ताटं उचलत होता. वहिनींनी ओळख करून दिली, "हा आमच्याकडे असतो. मदत होते हो याची." मग सगळे फोटोला उभे राहिले. "ए, तू काढ रे." एकामागून एक पाच मोबाइल त्याच्या हातात आले. त्यालाही उभं करावं, हे एकालाही सुचू नये?

मी १९७२ च्या दुष्काळात पुण्यात आले, माण तालुक्यातून. नऊ वर्षांची होते. आई-दादा खडी फोडायला जायचे, घरात लाल मिलो ज्वारीची भाकरी. मामा येऊन घेऊन गेला. प्रभात रोडला बंगला. त्या दिवाळीत सगळे लक्ष्मी रोडला स्टुडिओत निघालो. माझ्याही दोन वेण्या, लाल रिबिनी. जिन्यापाशी मामी म्हणाली, "तू थांब गं इथं, चपला सांभाळ." सहा जोड. मामाच्या कोल्हापुरीचा अंगठा उसवला होता. वरून हसण्याचे आवाज येत होते आणि मी त्या अंगठ्याकडे बघत बसले होते.

हो, शिकवलं त्यांनीच. फी मामानं भरली. टायफॉइडमध्ये रात्रभर उशाशी बसला. मान्य. पण म्हणून ती रिबीन विसरायची का मी?

याच पुण्यात वार लावून जेवून किती मुलं शिकली, आपण अभिमानानं सांगतो. तिथं एका घराचं मिंधेपण आठवड्यातून एकच दिवस असायचं. आश्रिताला सातही वार तेच घर. १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती निघाली, खेड्यातल्या मुलांना वसतिगृह मिळालं, ते मला फार मोठं वाटतं. तिथं सगळेच गरजू. दूध कुणाला आणि चहा कुणाला, हा हिशोब नाही. मुलगा ठेवून घ्यायचा तर घरातला म्हणून ठेवा, नाहीतर फी भरा आणि वसतिगृहात घाला. पण असं दारातलं करून ठेवू नका हो!

मामी वाईट नव्हती. हे आता कळतं. सहा पोराबाळांच्या, पाहुण्यारावळ्यांच्या घरात तिलाही कुणी विचारत नव्हतं. तरी सहा जोड चपला.

निघताना मी त्या मुलाला म्हटलं, "चल, तुझा काढते." तो शर्टाची बटणं चाचपू लागला. कुठं उभं राहायचं ते त्याला कळेना. शेवटी नव्या सोफ्याच्या कडेला राहिला, टेकला नाही. हा फोटो इथं टाकणार नाही. उद्या प्रिंट काढून त्याच्या आईला पोस्टानं पाठवतेय. पत्ता त्यानंच सांगितला, पिनकोडसकट, एका दमात.