आवाज कमी करू नकोस

भाचीनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ठाण्यातल्या बंद कारखान्यांवर २२ मिनिटांचा व्हिडिओ केलाय. परवा पहिला कट दाखवला. सुरुवातीला सात मिनिटं नुसता ड्रोन. गंजलेली शेड, पत्र्यातून उगवलेला पिंपळ, मागे व्हायोलिन. दिसतं छानच. तरी म्हटलं, हे काढ. चिडली.

तिच्या डोक्यात अमेरिकेतलं डेट्रॉइट आहे. तिथं ते चित्र खरं होतं. मोटारींचं शहर, १९५० साली साडेअठरा लाख वस्ती, २०२० साली साडेसहा लाखही नाही. तिथल्या भल्यामोठ्या स्टेशनातून १९८८च्या जानेवारीत शेवटची गाडी सुटली, मग इमारत कित्येक वर्षं ओस. (फोर्डनं डागडुजी करून २०२४ला उघडली.) मधल्या काळात फोटोग्राफरांची रीघ. त्या फोटोंत माणूसच नसायचा, म्हणून वैतागून त्याला ‘रुइन पॉर्न’, म्हणजे पडझडीचं पॉर्न, असं नाव पडलं.

पण ठाण्यात पडझड दिसते कुठे? कारखाना बंद पडला की पत्र्याचं कुंपण, आणि बघताबघता सॅम्पल फ्लॅट. पोखरण रोडला रेमंडची लोकरीची गिरणी होती, आता टॉवर. कोलशेतला रसायनांचे कारखाने होते, आता टॉवर. एमआयडीसी १९६२ची, वागळे इस्टेट तिची अगदी सुरुवातीची वसाहत. तिथं लोक आता पासपोर्टसाठी जातात. ती पिंपळवाली शेड शोधायलाच पोरीला आठवडा लागला!

म्हणजे दाखवायला काही नाही, ऐकवायला आहे. आणि ऐकवायचं ते तिच्याकडे होतंच.

आबा, म्हणजे माझे वडील, २६ वर्षं वागळेत प्रेस शॉपला होते. दिवसभर पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसची धडधड, कानात कापसाचे बोळे. आमच्या घरात हळू बोलणं हा प्रकारच नाही; आबांनी मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावर कळतं. तिच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये ते तोंड उघडतात आणि साउंड लेव्हल लाल. कंपनी सिल्वासाला गेली, तिकडे टॅक्स माफ, आम्हाला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती). एवढं दोन वाक्यांत उरकतात. मग दहा मिनिटं फक्त डाय (प्रेसमधला साचा) कशी बसवायची, पत्रा फाटणार हे आवाजावरून कसं ओळखायचं. बोलताना उजवा हात आपोआप खाली दाबला जातो. अंगठ्याशेजारचं बोट पेरभर कमी आहे, ते तेव्हा दिसतं.

हिनं काय करावं? डायचा भाग उडवला (“बोअर होतं रे मामा”) आणि आबांचा आवाज व्हायोलिनच्या खाली नेला. अगं, त्या प्रेस शॉपचं एवढंच शिल्लक आहे, तेही तू दाबतेस?

तेव्हा सोन्याचे दिवस होते असं मी म्हणत नाही. त्या बोटाचे कंपनीनं काय दिले, ते आबांना विचारा. पण पडक्या भिंती बघून हळहळायला काय लागतं? दहा मिनिटं डाय ऐकायला धीर लागतो, आणि तो धीर बघणाऱ्याकडे आहे असं आधी करणाऱ्याला वाटावं लागतं.

आमचं वाजलं तेव्हा आई आतून म्हणाली, “व्हीआरएसचे पैसे दीड वर्षात संपले. मग घर माझ्या पोळीभाजीच्या डब्यांवर चाललं, ते आहे का त्याच्यात?”

नव्हतं.

रविवारी आईचं शूटिंग. रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवावा लागेल, असं भाची म्हणाली. “पोळ्या लाटताना? मे महिन्यात?” आईनं लाटणं तिच्या हातात दिलं. “तू लाट, मी बोलते.”