‘बीआरटी म्हणजे रिकामी लेन’? थोडं थांबा

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर बीआरटीवरचा, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या लेनवरचा, तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: “पुण्यात बीआरटी फसली. लेन रिकामी पडून असते. सोलापूर एवढंसं गाव, इथे काय करायचीय? आधी रस्ते रुंद करा.”

लेन रिकामी दिसते, खरंय. दिसणारच. मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ६० माणसं धरा. तासाला ३,६०० माणसं गेली तरी दोन बसच्या मध्ये डांबर उघडंच राहणार. शेजारच्या लेनमधून सिग्नल सांभाळत तासाला हजारेक कार निघाल्या, कारमागे दीड माणूस, तर झाले दीड हजार. ती लेन मात्र गच्च भरलेली वाटते. अर्थात बस अर्ध्या तासाने येणार असेल, तर मेसेजवाल्यापुढे माझे हात जोडलेले.

पुण्यात फसली ती कुठली? २००६ ची कात्रज–स्वारगेट–हडपसर. तिथे लेन सलग नव्हती आणि थांब्यापर्यंत रस्ता ओलांडणं जिवावरचं होतं. नगर रस्त्यावरचीही काढली, दिल्लीने २०१६ मध्ये तेच केलं, झाकायचं कशाला? पण पिंपरी-चिंचवडला २०१५ मध्ये सांगवी–किवळे मार्ग सुरू झाला, तिथे फलाट आणि बसचा दरवाजा एका पातळीत ठेवले. गुडघे दुखणाऱ्या आजींना विचारा, त्या एका पायरीचं मोल काय ते.

‘एवढंसं गाव’ वाचून मात्र हसू आलं. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं आणि हुबळी-धारवाड त्याहून जरासं कमीच. तिथे २०१८ पासून साधारण २२ किलोमीटरवर बीआरटी धावते. बसचं नाव ‘चिगरी’. कन्नड येणाऱ्या सोलापूरकराला अर्थ सांगायला नको: हरीण. तिथेही तक्रारी आहेत, पण गाव लहान ही त्यातली नव्हे. फरक आहे तो वेगळाच. ती दोन शहरं एका रेषेत आहेत. आपलं गाव नवी पेठेभोवती चहूकडे पसरलंय. म्हणून सगळीकडे लेन आखायच्या नाहीत. जिथे शेअर रिक्षा आजच ओसंडून वाहतात, असा एखादा रस्ता निवडायचा. मी अक्कलकोट रोड म्हणेन, एमआयडीसीच्या कामगारांसाठी.

आणि रस्ते रुंद करायचे ते नवी पेठेत कुठे? कुणाची दुकानं पाडून?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. एकाचं उत्तर आलं: “आधी साधी बस तरी वेळेवर येऊ दे की बे!”

त्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही.