स्ट्रोक ऑर्डर म्हणजे नुसती शाळकरी शिस्त नव्हे

चिनी शिकू पाहणाऱ्यांमध्ये हल्ली एक सल्ला फार फिरतो: स्ट्रोक ऑर्डरवर, म्हणजे अक्षरातले स्ट्रोक (पेन न उचलता काढलेल्या रेघा) कोणत्या क्रमाने काढायचे यावर, वेळ घालवू नका. कारणं चार. अक्षर पूर्ण झाल्यावर कोणती रेघ आधी काढली ते दिसत नाही. चिनी माणसंही आता टाइपच करतात. देशागणिक क्रम बदलतो, म्हणजे 'बरोबर' असं काही नसतंच. आणि हजारो अक्षरांचे क्रम पाठ कोण करणार? या सल्ल्याने नवशिक्यांचं नुकसान होतं, म्हणून एकेक कारण तपासून पाहते.

'क्रम दिसत नाही.' छापील अक्षरात नाही दिसत, पण हाताने लिहिलेल्यात चांगला दिसतो. तीन या आकड्याचं 'सान' हे अक्षर घ्या. एकाखाली एक तीन आडव्या रेघा, वरून खाली, प्रत्येक डावीकडून उजवीकडे. भराभर लिहिताना पेन पुरतं उचललं जात नाही, त्यामुळे वरच्या रेघेच्या उजव्या टोकापासून खालच्या रेघेच्या डाव्या टोकापर्यंत बारीक तिरकी ओढ उमटते. तेच अक्षर खालून वर लिहिलं तर ओढ उलटी चढते आणि वाचणारा अडखळतो. 'खौ' म्हणजे तोंड. दिसायला चौकोन, पण स्ट्रोक तीनच. आधी डावी उभी रेघ, मग वरची आडवी कोपऱ्यात वळवून तशीच खाली, शेवटी तळाची. घाईत शेवटचे दोन स्ट्रोक एकमेकांत मिसळतात आणि चौकोन चौकोन राहत नाही. कुणी हाताने लिहिलेली चिठ्ठी वाचायची तर हे जोड ओळखावे लागतात, आणि हाताला तोच क्रम असला की ते पटकन ओळखू येतात. 'पुस्तक' या अर्थाचं आजचं छापील 'शू' तर जलद लिपीतूनच आलंय. चीनने १९५६मध्ये अक्षरं सोपी केली तेव्हा ते रूप अधिकृत झालं.

'सगळे टाइप करतात.' खरंय, बहुतेक जण पिनयिनने, म्हणजे उच्चार रोमन अक्षरांत लिहून, करतात. पण पिनयिन टाइप करायला उच्चार माहीत हवा. पाटीवर अनोळखी अक्षर दिसलं तर? मग ते स्क्रीनवर बोटाने काढा, नाहीतर कोशात स्ट्रोक मोजून शोधा. 'खौ'चे चार स्ट्रोक मोजलेत तर चुकीच्या पानावर जाल. याद्याही याच हिशोबाने लागतात. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात परंपरेप्रमाणे ग्रीस पहिला आला आणि त्याच्यामागे गिनी, कारण गिनीच्या चिनी नावातल्या पहिल्या अक्षरात दोनच स्ट्रोक आहेत. तुर्कस्तान आणि येमेन दोघांच्या पहिल्या अक्षरात तीन-तीन. तरी तुर्कस्तान पुढे, कारण त्याच्या अक्षराचा पहिला स्ट्रोक आडवा, तर येमेनच्या अक्षराचा वळणाचा. अशा यादीत आडवा, उभा, डावीकडे उतरता, ठिपका, वळणाचा असा अग्रक्रम असतो. पहिला स्ट्रोक कोणता हेच माहीत नसेल तर ही यादी वाचायची कशी?

'देशोदेशी वेगळा.' हो, काही अक्षरांत आहे. 'उजवा' हे अक्षर चीनमध्ये आडव्या रेघेने सुरू होतं, हीच अक्षरं वापरणाऱ्या जपानमध्ये डावीकडे उतरणाऱ्या रेघेने. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत तर स्वच्छ म्हटलंय की इथे दिलेल्या क्रमाव्यतिरिक्त इतर क्रम चूक ठरवण्याचा हेतू नाही. चीनचं स्ट्रोक ऑर्डरचं सध्याचं मानक ८१०५ अक्षरांचं आहे आणि ते मार्च २०२१पासून लागू आहे. मतभेद मोजक्या अक्षरांपुरते आहेत. 'सान' खालून वर लिहा असं कुठलाच देश सांगत नाही. ज्या देशाची भाषा शिकताय तिथला क्रम घ्या आणि पुढे चला.

'पाठांतर फार.' हा मुद्दा सर्वांत कच्चा. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, उभ्याआधी आडवी, आतल्याआधी बाहेरची चौकट, पण चौकटीचा तळ शेवटी: एवढ्यावर बहुतेक अक्षरं निघतात, कारण तेच घटक पुन्हा पुन्हा येतात. अपवाद मात्र लक्षात ठेवावे लागतात. 'लहान' या अर्थाच्या 'श्याओ'त मधली उभी रेघ आधी, बाजूच्या दोन नंतर. 'आग' या अर्थाच्या 'हुओ'त दोन्ही बाजूंचे ठिपके आधी, मधला माणसासारखा भाग नंतर.