सिस्टर म्हणजे फक्त गाउन आणि सही?

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्याचा आशय असा: ऑपरेशनच्या आधी नर्सचं काम म्हणजे गाउन चढवणं, सही घेणं आणि फाईलमध्ये लिहिलेलेच प्रश्न परत परत विचारणं. गुंगी दिल्यावर सगळं मॉनिटर बघतो, रुग्णाने डोळे उघडले की संपलं. मी बरीच वर्षं ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि एंडोस्कोपीच्या (दुर्बिणीने आतून तपासणी) खोलीत नर्स आहे. असं वाचून आलेले रुग्ण उत्तरं द्यायला कंटाळतात, म्हणून हे लिहितेय.

'तेच तेच प्रश्न.' हो, मुद्दाम विचारतो. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो. म्हणून पूर्ण नाव, कसलं ऑपरेशन, कोणती बाजू हे त्याच्याच तोंडून ऐकायचं असतं. फाईलमध्ये डावा गुडघा आणि रुग्ण म्हणतो उजवा, तर सर्जन येऊन बघेपर्यंत पुढचं काहीही हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली शस्त्रक्रियेची चेकलिस्टही असंच तीनदा थांबून तपासायला लावते: भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्णाला ओटीबाहेर नेण्याआधी.

उपाशीपोटाचंही तसंच. "उपाशी आहात ना?" याला सगळे "हो"च म्हणतात. "शेवटचं काय घेतलं, किती वाजता?" असं विचारलं की "गोळीबरोबर कपभर दूध" बाहेर पडतं. साधारण नियम असा: साधं पाणी २ तास आधीपर्यंत, दूध आणि हलकं खाणं ६ तास, तळलेलं किंवा जड जेवण ८ तास. गुंगीत ठसका लागत नाही, त्यामुळे पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. उलट, सांगितलेलं नसताना रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेणं काही जास्त सुरक्षित नसतं. ते रुग्णाला नीट समजावणं आमचं काम, आणि त्यात आम्ही कधी कधी कमी पडतो.

सहीबद्दल थोडक्यात. ऑपरेशन समजावून सांगणं डॉक्टरांचं काम. पण रुग्ण म्हणाला, "मला नीट कळलं नाही," तर डॉक्टरांना परत बोलावणं माझं. आणि हे सगळं गुंगीचं औषध देण्याआधी.

आता मॉनिटर. मेसेजमधला सगळ्यात धोकादायक भाग हाच. बोटाला लावलेला क्लिप रक्तातला ऑक्सिजन दाखवतो, श्वास नाही. नाकाशी ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही आकडा काही वेळ ९८ च दिसू शकतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारी कॅप्नोग्राफी हे लवकर सांगते, पण माझी नजर तरीही छातीवर असते. रुग्ण घोरायला लागला की बघणाऱ्याला वाटतं, छान झोप लागली. मला ऐकू येते ती अर्धी अडलेली श्वासाची वाट. मी हनुवटी वर उचलते, घोरणं थांबतं, छाती नीट हलायला लागते. मग हाक मारते, "डोळे उघडा बरं." हाकेला ओ देणारा रुग्ण त्याच डोसवर थोड्या वेळाने खांदा हलवूनही उठत नाही, असं होतं. म्हणूनच गुंगीतल्या रुग्णावर लक्ष ठेवणारीकडे दुसरं मोठं काम असूच नये. जिथे तिलाच तपासणीचे नमुने भरायला, फोन घ्यायला लावतात, तिथे जरूर तक्रार करा. राग काढायचा तर त्यावर काढा.

राहिलं 'डोळे उघडले की संपलं.' गुंगी उतरवायला उलटं औषध दिलेलं असेल, तर त्याचा असर आधी संपून रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. म्हणून कपडे बदलून तयार बसलेल्यालाही मी थांबवते, पुन्हा बीपी बघते, उभं करून चक्कर येते का विचारते. सोबत मोठं माणूस नसेल तर सोडत नाही. आणि २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, हे त्या सोबतच्या माणसालाच सांगते, कारण रुग्णाला ते संध्याकाळी आठवेलच असं नाही.