एक उंच हाय!

अनोळखी माणसाच्या टायरवर अंगठा दाबून पाहू नये, असा कायदा आपल्याकडे नाही, ही उणीव मला परवा सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एका लेथच्या दुकानात फार तीव्रतेने जाणवली. रेडिओ-कंट्रोल गाडीचे टायर घासण्याचे माझे छोटे यंत्र बंद पडले होते, रविवारची शर्यत तोंडावर आली होती आणि लेथवाला मुलगा ओळखीचा होता. एवढी पार्श्वभूमी पुरे.

आमच्या एकास बारा मापाच्या शर्यतीच्या गाड्यांना फोमचे टायर लागतात. रिमवर चिकटवलेले हे टायर नवे असताना हवे त्यापेक्षा जाड असतात. जाड फोम वळणावर एका अंगाला कलतो आणि गाडी उलटते, म्हणून टायर गरगर फिरवत सँडपेपरने घासून बेताच्या व्यासावर आणावे लागतात. मागचे टायर मी साधारण 42 मिलिमीटरवर आणतो आणि डाव्या-उजव्यातला फरक 0.1 मिलिमीटरच्या आत ठेवतो. व्यास एका मिलिमीटरने घटला, तरी चाकाच्या प्रत्येक फेरीत गाडी तीन मिलिमीटरहून थोडे जास्तच अंतर गमावते, आणि मग पिनियन, म्हणजे मोटरवरचे छोटे दातेरी चाक, बदलण्याचा उद्योग मागे लागतो. लेथच्या नेहमीच्या हत्याराने हे काम नीट होत नाही, कारण फोम कापला जाण्याऐवजी दबतो, मागे सरतो आणि शेवटी फाटतो. मुलाला हे एकदा सांगताच कळले. त्याने लाकडी ठोकळ्याला सँडपेपर गुंडाळला आणि तो इतक्या हलक्या हाताने टेकवला, की फोमचा काळा भुगा धुरासारखा उडू लागला. तिथवर सगळे उत्तम चालले होते.

दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते कापडगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी सगळे त्यांना जॉबर काकाच म्हणतात. त्यांचे दुकानात काहीच काम नव्हते आणि त्यामुळे त्यांचे प्रत्येक कामात लक्ष होते.

"लेकराचं हाय का ओ?" त्यांनी विचारले.

"नाही, माझंच आहे."

काकांनी माझ्याकडे चपलांपासून टकलापर्यंत सावकाश पाहिले. "मंजी लेकराला देत न्हाई तुमी?"

मला लेकरू नाही हे सांगण्याची ती जागा नव्हती. तेवढ्यात त्यांनी घासून तयार झालेला टायर उचलला आणि त्यात अंगठ्याचे नख रोवले. फोमची कठिणता शोअर मीटरने मोजतात, शर्यत गालिच्यावर असली तर वेगळी आणि डांबरावर असली तर वेगळी निवडतात, असे मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले.

"मीटर कशाला? ह्यो काय!" त्यांनी अंगठा माझ्या नाकासमोर धरला. "तीस वर्सं लूमवर ह्यानंच बगितलं. लै मऊ हाय तुमचं. बरं, ॲव्हरेज किती देती गाडी?"

"बॅटरीवर चालते, काका."

"मंजी एका चार्जिंगला किती येळ?"

"शर्यत आठ मिनिटांची असते."

"आट मिन्टं!" काका दुकानाला उद्देशून म्हणाले. "आट मिन्टं चालती म्हनं, आन् त्येच्यासाटी लेथ!" चहावाला पोरगा हसला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने चष्मा कपाळावर चढवला आणि तो कारण नसताना आत आला. "गालिच्यावर पळिवता का? मग चादर हातरा की, सोलापुरात काय कमी हाय का?" असा विधायक सल्ला त्याने दिला.

बुलेटचा सायलेन्सर बदलून साऱ्या गल्लीची झोप उडवणाऱ्या माणसाला हे शहर शौकीन म्हणते. मी कोणाची झोप मोडत नाही, तरी मी मात्र खेळण्यात रमलेला बाप्या! घरी आलेले पाहुणेही स्टँडवर ठेवलेली गाडी न विचारता जमिनीवर उतरवतात. गाडीच्या भाराने फोम एका बाजूला चपटा होतो, हे त्यांना सांगितले की ते "चाकं मग कशाला दिलीत?" असे विचारतात.

टायरवरचे नखाचे वळ निघतील, अशी मी मनाची समजूत घालत होतो, तोवर काकांचा हात माझ्या डबीत गेला. तिच्यात बाजूच्या स्प्रिंगांची नवी जोडी होती. या दोन स्प्रिंगा गाडीचा मागचा भाग समतोल धरतात, आणि त्यांत फरक पडला, तर वेग घेताना गाडी एका अंगाला ओढते. म्हणून मी स्प्रिंगांच्या जोड्या दोऱ्याने बांधून ठेवतो आणि अधूनमधून काचेवर उभ्या करून त्यांची उंची ताडून पाहतो. आमच्या भागात यंत्रमागांचे सुताचे तंतू तेलकट जागा सोडत नाहीत, त्यामुळे दर शर्यतीनंतर त्यांच्यावरून जुना टूथब्रशही फिरवतो. रंगावर विसंबण्यात अर्थ नसतो, कारण एका कंपनीची पिवळी स्प्रिंग मऊ असते, तर दुसरीची पिवळी ताठ.

काकांनी दोरा सोडला. एक स्प्रिंग दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि मी "काका, अहो—" म्हणेपर्यंत ती टर्रकन ताणली. मग सोडली. मग दोन्ही स्प्रिंगा शेजारी शेजारी पोलादी पाटावर उभ्या केल्या, एक डोळा मिटला आणि जाहीर केले, "एक उंच हाय! फसिवलं तुमाला."

"तुम्ही आत्ता ताणलीत ना ती!"

"ताणल्याबिगर फॉल्ट कसा कळनार?"

लेथवाल्या मुलाने कर्तव्यबुद्धीने व्हर्नियर लावला आणि 0.8 मिलिमीटरचा फरक सर्वांसमक्ष वाचून दाखवला. वेल्डिंगवाला हळहळला. ऑनलाइन वस्तू अशाच येतात, असे चहावाल्या पोरानेही नमूद केले. तार तीच, वेढे तेवढेच, त्यामुळे स्प्रिंगचा ताठपणा फारसा बदललेला नसतो, पण एकदा मर्यादेबाहेर ताणलेली तार मूळ उंचीवर येत नाही. हे मी सांगितले, ते कोणी ऐकले नाही. निकाल लागलेला होता.

आता सुटी स्प्रिंग मिळत नाही, जोडीच घ्यावी लागते, आणि जोडीच्या किमतीपेक्षा ती मागवण्याचा खर्च जास्त पडतो. रविवारी मी जुन्याच स्प्रिंगांवर गाडी पळवणार आहे. मुलाने टायर घासण्याचे पैसे रीतसर घेतले आणि वर म्हणाला, "काकांनी फॉल्ट काढून दिला की तुमचा, चहा तरी पाजा." मी पाजला. काकांनी दुसराही मागवला, माझ्याच हिशेबात.