आधी गेमचा अपडेट, मग प्रोजेक्टचं बघू

फायनल इयरच्या समस्त बंधुभगिनींनो,

सबमिशनचा मोसम आहे. जर्नलवर सह्या, रिपोर्टचं ब्लॅक बाइंडिंग, प्लॅजरिझमचा टक्का खाली आणण्यासाठी वाक्यांची उलटापालट, या धबडग्यात तुमचं मुख्य शिक्षण, म्हणजे रँक पुश, अर्थात गेममधली आपली पायरी वर चढवणं, मागे पडण्याचा मोठा धोका असतो. तो टळावा म्हणून काही सूचना देतो. तुला काय अधिकार, असं विचाराल तर मी आंबेगावात कॉट बेसिसवर राहतो आणि शेजारच्या कॉटवर या विषयातला एक तज्ज्ञ राहतो. गेल्या गुरुवारी आमच्या प्रोजेक्टची एक्स्टर्नल व्हायवा, म्हणजे बाहेरच्या परीक्षकापुढची तोंडी परीक्षा, त्याने ज्या थाटात पार पाडली, ते बघितल्यावर हे ज्ञान एका खोलीत कोंडून ठेवणं मला पाप वाटायला लागलं.

सर्वप्रथम लॅपटॉप. तो घरच्यांकडूनच घ्यायचा आणि ग्राफिक्स कार्डवालाच घ्यायचा. "मशीन लर्निंगला लागतं" एवढं वाक्य पुरतं. बाबा पतसंस्थेतून कर्ज काढतात, दुकानदार मान डोलावतो, अभ्यासाच्या लॅपटॉपच्या कीबोर्डखाली लाल-निळे दिवे कशाला हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. पुढे ग्रुप पडतात तेव्हा हाच लॅपटॉप कामाला येतो. सगळ्यात दणकट मशीन तुमचं, म्हणून मॉडेल ट्रेनिंग, म्हणजे डेटावरून कम्प्युटरला शिकवायचं काम, तुमच्याकडे, म्हणून सगळा कोड तुमच्याकडे, म्हणून बाकीचे तिघे तुमच्या मुठीत.

कोड गिटहबवर, म्हणजे बाकीच्यांनाही उघडता येईल अशा ऑनलाइन जागी, चुकूनही टाकू नका.

आता अपडेटचं शास्त्र नीट समजून घ्या, कारण इथेच नवखे चुकतात. अपडेट दोन जातींचे असतात. पहिला गेमचा. तो रात्री दोनला येणार असेल तर दीडपासून जागं राहायचं. दोन-तीन जीबीचा असला तर फ्लॅटचं सगळं वायफाय त्याला वाहायचं, आणि नेमकी त्याच वेळी कुणाची एखाद्या कंपनीची ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट चालू असेल तर हेडफोन न काढता म्हणायचं, "नेटच स्लो आहे यार, मालकाला सांगायला पाहिजे." दुसरा अपडेट लॅपटॉपचा. तो बिचारा कोपऱ्यात येऊन विचारतो, रीस्टार्ट करू का? त्याला सांगायचं, नंतर. परत विचारेल. परत नंतर. विंडोजमध्ये तर अपडेट पाच आठवडे थोपवून धरायची अधिकृत सोयच आहे. ती पुरेपूर वापरा. पाच आठवड्यांनी काय होईल? तोवर गेमचा नवा सीझन येईल.

खरं तर हे अपडेट काही अचानक आभाळातून पडत नाहीत. मायक्रोसॉफ्ट 2003 पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट सोडते. तिकडे सकाळ असते तेव्हा आपल्याकडे मंगळवारची रात्र, त्यामुळे आपल्याला ते बुधवारी दिसतात. एकादशीसारखी तिथी ठरलेली. पण सबमिशन कुठल्या गुरुवारी आहे हेच ज्याला बुधवारी रात्री कळतं, त्याला कुठली तिथी आणि कुठला वार.

एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, फार उपयोगाची आहे. आपण मशीन कधी वापरतो हे पाहून विंडोज तुमचे कामाचे तास स्वतःच ठरवतं आणि त्या तासांत आपणहून रीस्टार्ट करायचं टाळतं. आता तुम्ही रोज रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत देशसेवा करत असाल, तर त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरने काय समजायचं? साहेब नाइट शिफ्टला असतात. साहेबांच्या कामात व्यत्यय नको. सकाळी दहाला साहेब झोपलेले असतात, तेव्हा निवांत उरकून घेऊ.

व्हायवा सकाळी दहाला होती.

तर तो प्रसंग. एक्स्टर्नल बाहेरगावाहून आलेले, साठीकडे झुकलेले, कपाळावर चष्मा. लॅब असिस्टंटने त्यांच्यापुढे चहा आणि मारी बिस्किटांची प्लेट ठेवलेली. आमच्या गाइड मॅडम शेजारी, चेहऱ्यावर "माझी लाज राखा रे" असा भाव. आम्ही तिघे इस्त्रीच्या फॉर्मल्समध्ये, चौथे तज्ज्ञ चुरगळलेल्या टी-शर्टवर कुणाचा तरी ब्लेझर चढवून. मॅडम म्हणाल्या, डेमो दाखवा. याने लॅपटॉप उघडला. निळी स्क्रीन, मध्ये गोल गोल फिरणारे ठिपके, खाली 27 टक्के, आणि त्याखाली प्रेमळ सूचना की कृपया कम्प्युटर बंद करू नका. सर म्हणाले, होऊ दे, तोवर थिअरी सांगा. थिअरी सांगितली. 31 टक्के. सरांनी डेटासेटबद्दल विचारलं, ते सांगितलं. सरांनी बिस्कीट बुडवलं, ते कपात पडलं, चमच्याने काढून झालं. अजून 31 टक्के. मग सरांनी याला विचारलं, "मॉडेलची ॲक्युरसी किती आली?" आणि याने आमच्याकडे बघितलं. आमच्याकडे! मॉडेल याच्याकडे, कोड याच्याकडे, रात्र रात्र पंखे घोंघावत ट्रेनिंग चाललंय असं आम्हाला सांगणारा हा, आणि ॲक्युरसी आम्हाला विचारतो. तो पंखा कशाने घोंघावत होता ते त्या क्षणी मॅडमसकट सगळ्यांना कळलं. 31 वरून आकडा शून्यावर गेला आणि मशीन पुन्हा सुरू झालं. तोवर पुढचा ग्रुप दारात येऊन उभा राहिला. सर घड्याळाकडे बघून म्हणाले, "तुम्ही मागाहून या." बाहेर आल्यावर याचं पहिलं वाक्य काय होतं माहिती आहे? "भाई, हे अपडेटवाले ना, एकदम फालतू लोक आहेत."

बरं. सूचनांकडे परत येऊ. चिडून चालणार नाही, आपण मार्गदर्शन करतोय.

सबब सांगताना अभ्यासपूर्ण सांगा. 19 जुलै 2024 ही तारीख पाठ करून ठेवा. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन झोपवली, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले. विमानं खोळंबतात तिथे आमच्या डेमोचं काय घेऊन बसलात, असं म्हटल्यावर निम्मे प्राध्यापक गप्प होतात. उरलेले निम्मे विचारतात, "बॅकअप कुठे आहे?" त्यांच्यासाठी सध्या उत्तर उपलब्ध नाही.

गेमवर बंदी किंवा वेळेची मर्यादा आली तर घाबरू नका. पब्जीवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली तेव्हा काय झालं? ऐन लॉकडाउनमध्ये पोरं व्हीपीएन लावून बंदीला वळसा घालायला शिकली. ज्यांना आजही नेटवर्किंगच्या पेपरात सबनेट मास्क काढता येत नाही, त्यांनी एका रात्रीत कोरियन व्हर्जन चालू करून दाखवलं. पुढे बीजीएमआय हा पब्जीचा भारतीय अवतार आला, गेला, 2023 च्या मे महिन्यात परत आला, तेव्हा चाचणी म्हणून अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि बाकीच्यांना सहा तास अशी मर्यादा होती. सहा तास! आमच्या कॉलेजात लेक्चरं तेवढा वेळ चालत नाहीत.

घरचे बोललेच तर त्यांना ई-स्पोर्ट्स म्हणजे काय ते समजावून सांगा. 2023 साली हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये त्याला पदकं होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता. म्हणजे तुम्ही खेळाडू झालात. सराव करणारा खेळाडू पहाटे चारला उठतो, तुम्ही पहाटे चारला झोपता, एवढाच काय तो फरक.

क्रेट, म्हणजे गेममध्ये पैसे टाकून उघडायच्या बंद पेट्या, उघडत राहा. मेसचे पैसे असतातच. पेटीत बंदुकीचा भारी रंग निघेल की भंगार, हे आधी कळत नाही, म्हणूनच हात थांबत नाही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे कबुतरांवर करून बघितलं होतं: दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर कळ टोचतच राहतं. बेल्जियमने 2018 मध्ये काही गेममधल्या असल्या पेट्या सरळ जुगार ठरवल्या. पण बेल्जियमला रँकची किंमत काय कळणार.

डेली लॉगिन चुकवू नका. प्रॅक्टिकलची अटेंडन्स चुकली तर डिफॉल्टर लिस्ट लागते आणि ती नंतर निस्तरता येते. लॉगिनची साखळी तुटली की तुटली.

आणि कुणी व्यसन वगैरे म्हणालं तर त्याला शास्त्रीय उत्तर द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. खुणा तीन: खेळणं आपल्या हातात न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणं. पण हे साधारण बारा महिने दिसलं पाहिजे, असंही तिथे लिहिलंय. बारा महिने म्हणजे दोन सेमिस्टर. म्हणजे एक वायडी (इयर डाउन, वर्ष वाया) लागेपर्यंत तुम्ही ठणठणीत.

घरून फोन आला की रूममेटला द्या. हे महत्त्वाचं. काकू विचारतात, "जेवला का रे तो? आणि मागे ढिशुम ढिशुम कसला आवाज?" रूममेटने सांगायचं, "पिक्चर लावलाय काकू, तो लॅबमध्ये आहे." त्या म्हणतात, "फार अभ्यास करतो बाई, त्याला म्हणावं तब्येत सांभाळ." हे ऐकताना तज्ज्ञ शेजारी बसून हाताने खूण करतो, ठेव ठेव, मॅच चालू आहे.

शेवटचा मुद्दा शिस्तीचा. लोकांना वाटतं गेमर बेशिस्त असतात. साफ चूक. रँक्ड मॅच मध्येच सोडली की पॉइंट कापतात, पुढची मॅच काही वेळ लावू देत नाहीत, वारंवार केलं तर बंदी वाढत जाते, शिवाय टीममेट रिपोर्ट मारतात ते वेगळंच. म्हणून आमचा तज्ज्ञ जागचा हलत नाही. डबा गार होतो, पाणी जातं, फ्लॅटचा मालक दार वाजवून थकतो, हा हलत नाही. कुठली कुठली चार पोरं, तोंड पाहिलेलं नाही, खरं नाव माहीत नाही, त्यांना अर्ध्यावर टाकायचं नाही म्हणून. आणि आम्ही? आम्ही याच खोलीत. याच मेसचा डबा खाणारे. आमच्या ग्रुपमध्ये तू सप्टेंबरपासून एएफके, म्हणजे खेळात नाव पण जागेवर गायब, आहेस, त्याचा दंड कोण लावतो? कॉलेजात रिपोर्टचं बटण नाही. मॅडम म्हणतात, "तुमचं तुम्ही आपसांत मिटवा," आणि मार्क पडतात ते चौघांना सारखे.

हो, तुलाच म्हणतोय. वाचशील तेव्हा वाच.

अपडेटला शिव्या घालणं बंद कर आधी. 2017 च्या मेमध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांची कामं बंद पाडली, तेव्हा तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला त्याला ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी नंतर, नंतर म्हटलं ते सापडले. अपडेटने तुझं काहीही बिघडवलेलं नाही. त्याने तुला रोज विचारलं. तू रोज नाही म्हणालास. ज्या दिवशी न विचारता काम उरकलं, त्या दिवशी आमची इज्जत गेली, तुझी नव्हे, कारण तुला उत्तर येत नव्हतं याचं तुला काही वाटलंसुद्धा नाही. संध्याकाळी तू गेमच्या लॉबीत होतास. मी पाहिलं. सात वाजता.

गेमवाले हुशार आहेत, मान्य. सीझन संपला की रँक खाली ढकलतात, म्हणजे तू परत चढायला मोकळा. तू कितीही चढलास तरी दर काही महिन्यांनी तुला उतरवून ठेवणं हाच त्यांचा धंदा आहे, आणि हे तुला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे, तूच मला एकदा समजावून सांगितलं होतंस. तरी चढतोस. मी तुला खेळू नको म्हणत नाही, मीही रविवारी दोन मॅच मारतो. पण काकांचा, तुझ्या लॅपटॉपच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. त्याला पॉज नाही.

आणि काकूंशी मी यापुढे खोटं बोलणार नाही. फोन आला की तुझ्या हातात देणार, मॅच असो नाहीतर फायनल असो. बंदुका ऐकू येऊ देत त्यांना. जमत नसेल थांबायला तर तसं सांग, लाजू नकोस. 14416 या टेली-मानसच्या, मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं, मी शेजारी बसतो. पण "लास्ट मॅच" हा शब्द मला परत ऐकवू नकोस.

सरांनी सोमवारी अकराला पुन्हा बोलावलंय, तेही मॅडमनी हातापाया पडून मागितलेली वेळ आहे. मॉडेल ट्रेन झालेलंच नाही हे आता लपवून उपयोग नाही, ते आम्ही तिघे दोन रात्रींत जमेल तेवढं करतो. तू फक्त कोडचं फोल्डर पेनड्राइव्हवर काढ आणि माझ्या टेबलावर आणून ठेव. मॅच संपल्यावर नाही. आत्ता. कापले पॉइंट तर कापू देत.