ती रेषा एन्के फट नव्हे

हौशी खगोल-छायाचित्रकारांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. शेकडो फ्रेम स्टॅक केल्यावर, म्हणजे एकावर एक रचून त्यांची सरासरी काढल्यावर, नॉइज (चित्रातले खोटे ठिपके) उरतच नाही, म्हणून शार्पनिंगचा, म्हणजे तपशील ठळक करणारा, स्लायडर बेधडक शेवटपर्यंत न्यावा, हबल अंतराळ दुर्बिणीची चित्रेही सॉफ्टवेअरनेच सुधारली होती, आणि असे केले की १५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतूनही शनीच्या कड्यांमधली एन्के फट टिपता येते, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. परवा माझ्या भाच्याने तो वाचून आपले शनीचे चित्र मला पाठवले आणि खाली लिहिले, ‘मामा, एन्के सापडली!’ रात्र-रात्र जागून काम करणाऱ्या मुलाची अशी दिशाभूल झालेली मला पाहवत नाही.

आधी त्या फटीचेच पाहू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे आहे. एन्के फट सुमारे ३२५ किलोमीटर रुंद आहे. शनी पृथ्वीच्या जवळ असतानाही जवळजवळ १३० कोटी किलोमीटरवर असतो, म्हणजे तिथून ही रुंदी आपल्याला साधारण ०.०५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) एवढीच दिसणार. १५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवण्याची मर्यादा, हवा पूर्ण स्थिर असली तरी, सुमारे ०.७७ विकला, म्हणजे फट त्याच्या पंधराव्या हिश्शाची. उजळ पार्श्वभूमीवरची काळी रेषा विभेदनमर्यादेपेक्षा बारीक असूनही जाणवू शकते, हे मला मान्य आहे, आणि बऱ्याच मोठ्या दुर्बिणींनी उत्तम हवेत ही फट टिपलेलीही आहे. पण पंधरापट बारीक रेषा एवढ्या लहान दुर्बिणीत ठसठशीत उमटणे शक्य नाही. कड्यांमधली दुसरी, रुंद अशी कॅसिनी फट दिसते, कारण ती सुमारे ४,८०० किलोमीटर, म्हणजे पाऊण विकला रुंद आहे.

मग चित्रात काळी रेषा आली कुठून? शार्पनिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलची तुलना त्याच्या आसपासच्या धूसर केलेल्या सरासरीशी होते आणि दोहोंतला फरक वाढवला जातो. कड्याची बाहेरची कड उजळ आणि पलीकडचे आकाश काळे, त्यामुळे कडेलगत एक जादा उजळ पट्टी तयार होते, आणि वेव्हलेटचे थर (चित्रातले बारीक-जाड तपशील वेगवेगळे करून वाढवणारे शार्पनिंग) जोराने वाढवले की तिच्या आत एक काळी पट्टीही उमटते. एन्के फट कड्याच्या बाहेरच्या कडेजवळच असल्याने ही खोटी रेषा नेमकी तिच्याच जागी आल्यासारखी वाटते. मंगळाच्या उजळ कडेच्या आत दिसणारी दुसरी कड अशीच जन्मते, आणि ताऱ्यांभोवतीची काळी वर्तुळेही. संदेशात त्या वर्तुळांना ‘अचूक फोकसची खूण’ म्हटले आहे, ते साफ चूक आहे.

स्टॅकिंगचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. २,५०० फ्रेम एकत्र केल्या तर यादृच्छिक नॉइज एका फ्रेमच्या तुलनेत सुमारे पन्नासाव्या हिश्शावर येतो आणि शार्पनिंगला थोडा अधिक वाव मिळतो. मात्र त्याने दुर्बिणीचा व्यास वाढत नाही.

हबलचा दाखला तर संदेशाच्याच विरोधात जातो. १९९० साली सोडलेल्या त्या दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त घासला गेला होता. दोष नेमका मोजता आल्यामुळे ज्ञात दोषाचा परिणाम उलटा करून काढणाऱ्या रिचर्डसन-लुसी पद्धतीसारख्या गणिताने चित्रे बरीच सुधारता आली. तो सरसकट ताणलेला स्लायडर नव्हता. तरीही अंधुक वस्तूंचा प्रकाश इतका विखुरला होता की गणिताला तो पुरता गोळा करता आला नाही, आणि म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर पडून नवी प्रकाशीय उपकरणे बसवली. सॉफ्टवेअर पुरेसे असते तर ती मोहीम काढावीच लागली नसती.

भाच्याला मी एवढेच सांगितले की मूळ स्टॅक उघड आणि शार्पनिंगची त्रिज्या, म्हणजे आसपासच्या किती पिक्सेलशी तुलना करायची ते, बदलून पाहा. खरी फट जागची हलत नाही. त्याने त्रिज्या दीड पिक्सेलवरून तीनवर नेली तेव्हा त्याची ‘एन्के’ कडेपासून आत सरकली आणि जाडही झाली. कॅसिनी फट होती तिथेच राहिली. मग त्याने स्लायडर खाली आणत आणत ती रेषा नाहीशी होईपर्यंत नेला, आणि त्या चित्रात शनीच्या गोलाची कड्यांवर पडलेली सावली पहिल्यांदा मऊ, सलग दिसली.